रिबेइरो ते रोसाल : मिन्यो नदीकाठची पांढरी वाईन आणि ताटातलं बरंच काही

बुधवार : ओउरेन्से

गालिसिया म्हणजे स्पेनचा पावसाळी कोपरा, असं ऐकून आम्ही तिघांनी बॅगेत रेनकोट कोंबले होते. माद्रिदहून वेगवान गाडीनं सव्वादोन तासांत ओउरेन्सेला उतरलो तर फलाटावरच झळ लागली. औषधाच्या दुकानाबाहेर हिरवी पाटी असते, तिच्यावर आकडा होता ३७ अंश. हॉटेलवर माझ्या नणंदबाईंच्या हातातला रेनकोट बघून तिथल्या बाई हसल्या. म्हणाल्या, पाऊस असतो तो किनाऱ्यावर आणि सांतियागोत. अटलांटिकवरून येणारे ढग मधले डोंगर अडवतात आणि या खोलगट खोऱ्यात उरतो तो निव्वळ उन्हाळा. शहराच्या मधोमध आस बुर्गास नावाचे गरम पाण्याचे झरे आहेत, पाणी साठ अंशांच्या वर. त्या दिवशी तिकडे बघायचीही इच्छा नव्हती.

आम्ही तिघं म्हणजे मी, नवरा आणि माझ्या नणंदबाई. त्यांना मी ताईच म्हणते. माझं माहेर तासगावचं. द्राक्षबाग, बेदाण्याची शेड, ढग आले की घरातल्यांचे उतरलेले चेहरे, यातच मी वाढले. वाईनची गोडी बरीच नंतर लागली. नवऱ्याला मासे मिळाले की बाकी काही लागत नाही. ताई शाकाहारी, अंडं तेवढं चालतं, पण एखादा ग्लास वाईन आवडीनं घेतात आणि आमच्यात सगळ्यांत तिखट नाक त्यांचंच.

स्पेनची पांढरी वाईन म्हटली की हल्ली जो तो अल्बारिन्योचं नाव घेतो. एकच जात, एकच नाव, विकायलाही सोपं. आम्हाला बघायच्या होत्या मिश्र जातींच्या वाईन. एक रिबेइरो, जिथं त्रेइशादुरा या द्राक्षाच्या जोडीला आणखी तीन-चार जाती असतात. दुसरी मिन्यो नदीच्या मुखाजवळची ओ रोसाल, जिच्यात अल्बारिन्यो आणि लोउरेइरा एकत्र असतात. म्हणून नदीच्या वरच्या अंगाकडून समुद्राकडं जायचं ठरवलं.

संध्याकाळी (इथं जूनमध्ये सव्वादहापर्यंत उजेड असतो, त्यामुळं संध्याकाळ लांबतच जाते) जुन्या गावातल्या गल्ल्यांत फिरलो. लोक एका बारमध्ये बसून राहत नाहीत. एक ग्लास, दोन गप्पा, पुढचा बार. ग्लासासोबत बशीत काहीतरी फुकट येतं. आम्हाला तोर्तिया म्हणजे बटाटा-अंड्याच्या जाड ऑम्लेटचा तुकडा आला. मग पाद्रोनच्या मिरच्या मागवल्या. बोटाएवढ्या हिरव्या मिरच्या तेलात फोड येईपर्यंत परततात आणि वर जाडं मीठ. बहुतेक गुळमट, मधूनच एखादी झणका देते. काही तिखट असतात, काही नसतात, अशी त्यांच्यावर गालिसियन म्हणही आहे. तिखट निघाली ती नेमकी ताईंना. त्या शांतपणे म्हणाल्या, ‘आपल्या लवंगीपुढं ही बाळबोधच.’ रिबेइरोचा पहिला घोट त्या मिरचीवर घेतला. वाईनमध्ये पिकल्या सफरचंदाचा गर होता, मागून लिंबासारखी आंबट धार. मिरचीचा हिरवट कडवटपणा तिनं मागे सारला आणि मीठ पुढे आणलं. माझ्या मते शाकाहारी माणसानं गालिसियात पाय ठेवल्यावर ही जोडी आधी मागवावी. मे ते ऑक्टोबर मिरच्यांचा हंगाम असतो.

जाणाऱ्यांसाठी एवढंच : दुपारचं जेवण दोन ते चार, रात्रीचं नऊच्या पुढं. मधल्या वेळात स्वयंपाकघर बंद. सात वाजता ‘काहीतरी गरम’ मागितलंत तर कॉफी गरम मिळेल.

गुरुवार : रिबादाविया

ओउरेन्सेहून पाऊण तासाच्या आत रिबादाविया. रिबेइरो वाईनची ही राजधानी, आणि अकराव्या शतकात गार्सिया राजाच्या काळात गालिसियाच्या राज्याचीही राजधानी होती म्हणतात. गाव एवढंसं. किल्ल्याचे अवशेष, दगडी चौक, खाली आविया नदी मिन्योला मिळते ती जागा. ज्यू वस्तीच्या गल्ल्या अजून तशाच अरुंद आहेत. वाईनच्या व्यापारात ज्यू लोक मोठ्या संख्येनं होते. १४९२ साली स्पेनमधून त्यांना हाकललं गेलं. त्या वस्तीत एका बेकरीत बदामाची आणि खजुराची जुन्या ज्यू पद्धतीची बिस्किटं मिळतात. ताईंनी पिशवीभर घेतली आणि पुढचे सगळे दिवस आमची न्याहारी त्याच पिशवीतून झाली.

इथल्या वाईनची कीर्ती जुनी आहे. १३८६ साली इंग्लंडचा जॉन ऑफ गॉन्ट कास्तीया या स्पेनमधल्या राज्याच्या गादीवर हक्क सांगत फौज घेऊन गालिसियात उतरला. ही वाईन इंग्रज शिपायांना झेपेना, असं फ्रॉइसार या बखरकारानं लिहून ठेवलंय. आता स्पेनच्या १९३२ च्या वाईन कायद्यात नाव असलेल्या जुन्या मुलखांपैकी हा एक आहे. पण मधे एक वाईट काळ येऊन गेला. एकोणिसाव्या शतकात आधी बुरशी, मग फिलॉक्सेरा किडीनं बागा बसल्या. शेतकऱ्यांनी भरघोस पीक देणारं पालोमिनो द्राक्ष लावलं. रस भरपूर, चव बेताची. त्रेइशादुरासारख्या मूळ जाती बांधावर उरल्या. विसाव्या शतकात, सत्तर-ऐंशीच्या दशकात, काहींनी पालोमिनो काढून जुन्या जाती पुन्हा लावायला सुरुवात केली. आज जी चांगली रिबेइरो मिळते ती त्या हट्टाचं फळ आहे.

चौकातल्या एका जुन्या खानावळीत वाईन कुन्कामध्ये आली. कुन्का म्हणजे पांढऱ्या चिनी मातीची, बिनकानाची छोटी वाटी. शेजारच्या टेबलावरच्या आजोबांनी नवऱ्याला ती धरायची कशी ते दाखवलं : अंगठा काठावर, बोटं बुडाशी. वास घ्यायला कुन्का अगदीच कुचकामी, कारण सगळा वास वरच्या वर उडून जातो. पण जेवणासोबत घोट घोट घ्यायला तिच्याइतकं सुटसुटीत दुसरं काही नाही. वाईनकडं फार लक्ष न देता ती पीत राहावी, असा तिचा हेतू असावा.

इथं शाकाहारी लोकांना सावध करायला हवं. काल्दो गालेगो हे बटाटा, पांढरा घेवडा आणि पालेभाजीचं सूप यादीत निरागस दिसतं, पण त्यात डुकराची चरबी असतेच. एम्पानादा नावाच्या भरल्या पोळीत ट्यूना, कॉड किंवा मांस. नुसतं ‘सिन कार्ने’ सांगितलं तर मांस नाही म्हणून हॅम घालून देतात. ताईंनी वहीत वाक्य लिहून घेतलं होतं : ‘सिन कार्ने, सिन पेस्कादो, सिन हामोन’, म्हणजे मांस नको, मासे नकोत, हॅम नको. तेही खणखणीत आवाजात. दुसऱ्या दिवसापासून वेटर त्यांच्याशी जरा अदबीनं वागू लागले.

शुक्रवार : आवियाचं खोरं

सगळ्या सहलीतला माझा दिवस हा. लेइरो गावाजवळ एका कोयेइतेइरोकडं जायचं आधीच ठरवलं होतं. आपल्याच बागेतल्या द्राक्षांची वाईन करून स्वतः बाटलीत भरणारा छोटा शेतकरी, तो कोयेइतेइरो. वर्षाला ६०,००० लिटरची मर्यादा. मालक साठीच्या पुढचे, बोलणं गालिसियन, मुलगी दुभाष्या. मी द्राक्षवाल्यांच्या घरची आहे हे कळल्यावर त्यांनी वाईन दाखवायचं सोडून आम्हाला थेट बागेत नेलं.

डोंगराच्या उतारावर दगडी बांध घालून केलेल्या अरुंद पट्ट्या. ट्रॅक्टर जाईल एवढीही जागा नाही. ग्रॅनाइट कुजून झालेली भुसभुशीत वाळू पायाखाली. तिला ते साब्रेगो म्हणतात. पाणी टिकत नाही, मुळं खोल जातात. मणी अजून बारीक, मिरीच्या दाण्याएवढे. मालकांनी एक पान उलटं करून दाखवलं. खालच्या बाजूला पांढरट लव, वर पिवळा तेलकट डाग. मी म्हटलं, ‘डाऊनी’, म्हणजे आमच्याकडचा केवडा रोग. ते म्हणाले, ‘मिल्दीउ.’ मग मी शेजारच्या पानावरच्या निळसर ठिपक्यांकडं बोट करून ‘बोर्डो?’ (मोरचूद-चुन्याची फवारणी) विचारलं आणि त्यांनी माझ्या पाठीवर थाप मारली. पुढचा अर्धा तास मुलीला फारसं काम उरलं नाही.

चकित झाले ते ओळ बघून. एकाच ओळीत तीन प्रकारची पानं होती. आमच्याकडं अख्खा प्लॉट एका जातीचा. थॉम्पसन तर थॉम्पसन, सोनाका तर सोनाका. छाटणी एका दिवशी, फवारणी एका दिवशी, आणि फुलोऱ्यात अवकाळी आला तर नुकसानही एकाच दिवशी. इथं त्यांच्या आजोबांनी जाती मिसळूनच लावल्या होत्या. त्रेइशादुरा उशिरा पिकते; वाईनला अंग आणि पिकल्या फळाची चव देते, पण गरम वर्षी तिचा आंबटपणा कमी पडतो. ती उणीव लादो भरून काढते. तिची झाडं थोडी आणि आंबटपणा जबरदस्त. लोउरेइरा वासाला, तोरोन्तेस लिंबाच्या सालीसारख्या धारेला. एखाद्या वर्षी एकीचा फुलोरा पावसानं झडला तर दुसरी मागे-पुढे फुललेली असते, ती वाचते. मालक म्हणाले, ‘चवीचा विचार नंतर आला. आधी घर चालायचं होतं.’

तळघरात त्यांनी टाकीतून वेगवेगळे नमुने काढून दिले. नुसती त्रेइशादुरा : गोलाई छान, पण तिसऱ्या घोटाला कंटाळवाणी. नुसती लादो घेतल्यावर नवऱ्याचा एक डोळा आपोआप मिटला. मग मिश्रण. ताईंनी ग्लास नाकाशी धरला, बराच वेळ काही बोलल्या नाहीत, आणि म्हणाल्या, ‘अगं, यात कोण कुठं संपतं ते कळतच नाहीये.’ मुलीनं ते वडिलांना सांगितलं, तर म्हातारा खूश.

जेवायला अंगणात वेलीच्या सावलीत टेबल. एम्पानादा आली, आत कॉड मासा, भरपूर शिजवून गोड झालेला कांदा आणि बेदाणे. खारवलेला मासा आणि बेदाणे! माहेरी बेदाणा शिऱ्यात, फार तर मसालेभातात. पण खारट, गोड, तेलकट असं सगळं एका घासात आणि वर ती वाईन. नवऱ्यानं चार तुकडे घेतले, हे मी लिहिलेलं त्याला आवडणार नाही. ताईंसाठी मालकीणबाईंनी कांद्याची तोर्तिया केली होती. शिवाय आर्सुआचं मऊ चीज आणि त्यावर मेम्ब्रियो. मेम्ब्रियो म्हणजे क्विन्स फळाची घट्ट वडी. चीजचा लोण्यासारखा मऊपणा या वाईनशी फार जुळतो. मेम्ब्रियो थोडीच घ्यावी, गोडीपुढं वाईन आंबट लागायला लागते.

निघताना माळा दाखवला. तोस्तादो नावाची गोड वाईन करायला तोडलेले घड इथं कमीत कमी तीन महिने सावलीत सुकवतात. उन्हात नाही, छपराखाली, वाऱ्यावर. आमच्या बेदाण्याच्या शेडमध्येही सावलीच असते, पण आम्ही डिपिंग ऑइल आणि पोटॅशियम कार्बोनेटच्या पाण्यात घड बुडवून दोन-तीन आठवड्यांत काम उरकतो. इथं घाई नाही आणि सडलेला मणी रोज हातानं वेचायचा. शेड रिकामी होती, रॅकवर फक्त जुन्या देठांचे काटके. मी मात्र तिथं सगळ्यांत जास्त वेळ उभी राहिले.

शनिवार : पुन्हा रिबादाविया

सकाळी सान क्लोदिओचा जुना मठ बघितला. या खोऱ्यात बागा वाढवण्यात अशा मठांचा मोठा वाटा होता. दुपारी चारला आभाळ काळं झालं. वादळ, विजा, मग दहा मिनिटं गारा. खानावळीतली सगळी माणसं दारात येऊन उभी राहिली, कुणी बोलेना. हे दृश्य मला शिकवायची गरज नव्हती. गारा हरभऱ्याएवढ्याच होत्या. संध्याकाळी कालच्या मुलीला निरोप पाठवला. तिचं उत्तर आलं की वरच्या दोन पट्ट्यांची पानं फाटली, घड ठीक आहेत. रेनकोट अखेर उपयोगी पडले.

रविवार : ओ कार्बायीन्यो

समुद्रापासून इतक्या आत डोंगरात ऑक्टोपसचं गाव का असावं? उत्तर जवळच्या ओसेइरा मठात आहे. बाराव्या शतकातल्या या मठाकडं किनाऱ्यावर मारीनजवळ मालमत्ता होती, तिथून सुकवलेला ऑक्टोपस यायचा. मठाजवळच्या आर्कोस गावच्या बायका तो शिजवण्यात तरबेज झाल्या आणि जत्रा-जत्रांत हंडे घेऊन फिरू लागल्या. त्या पुल्पेइरा. ऑगस्टच्या दुसऱ्या रविवारी इथं ऑक्टोपसचा मोठा उत्सव असतो. एरवीही रविवार म्हणजे ऑक्टोपस, हे ठरलेलं.

रविवारी बस मिळेना, टॅक्सी केली. गावात शिरताना वेराक्रूस चर्चचा उंच दगडी मनोरा दिसतो. माद्रिदचा सिबेलेस राजवाडा बांधणाऱ्या अंतोनियो पालासिओसचंच हे काम. पण आमचं लक्ष धुराकडं होतं. मोठा हंडा, गुलाबी-जांभळं उकळतं पाणी. पुल्पेइरा बाईंनी आकड्यानं ऑक्टोपस उचलला, बोटांनी दाबून बघितला, डाव्या हातात पाय धरला आणि कात्रीनं कचाकच तुकडे थेट लाकडी थाळीवर. एकाही तुकड्याकडं बघितलं नाही, आमच्याकडं बघत गप्पा मारत होत्या, आणि सगळे तुकडे एकाच जाडीचे. वर जाडं मीठ, पिमेंतोन म्हणजे लाल मिरचीची पूड, आणि तेलाची सढळ धार. थाळी लाकडी असते कारण उरलंसुरलं पाणी ती शोषून घेते आणि तेल पातळ होत नाही. खायला काटा नाही, दातकोरणी. तेल टिपायला जवळच्या सेआ गावचा जाड कवचाचा पाव.

सोबत काय प्यावं यावर टेबलावर वाद झाला. गावातली जुनी माणसं कुन्कातून कोवळी तांबडी रिबेइरो पितात. मी दोन्ही घेऊन पाहिल्या. तांबडीनं ऑक्टोपसला लोखंडासारखी चव आणली. पांढरीनं तेल कापलं, पिमेंतोनचा धुरकट गोडवा वर आला. माझं मत पांढरीला. शेजारच्या काकांनी मान हलवली आणि माझ्या वाटीत तांबडी ओतली. पाणी मात्र मागू नका. ऑक्टोपसवर पाणी प्यायलं की तो पोटात फुगतो, अशी इथं पक्की समजूत आहे.

आणि शाकाहाऱ्यांनो, सोबत येणारे उकडलेले बटाटे, काचेलोस, पुष्कळदा त्याच ऑक्टोपसच्या पाण्यात शिजवलेले असतात. किंचित गुलाबी दिसले तर समजून घ्या. ताईंनी घास तोंडाजवळ नेला, रंग बघितला, खाली ठेवला. मग तेतिया चीज, पाव आणि टोमॅटोवर त्यांचं जेवण झालं. पोटभर झालं, असं त्या म्हणाल्या. मला ते पटलेलं नाही.

सोमवार : नदीच्या सोबतीनं ओ रोसाल

रिबादावियाहून व्हिगोकडं जाणारी साधी गाडी पकडा आणि डाव्या हाताच्या खिडकीला बसा. रूळ मिन्योच्या काठानंच जातात. दिवसाला गाड्या मोजक्या, वेळ आधी बघून ठेवा. फ्रिएइराच्या धरणानंतर पलीकडचा काठ पोर्तुगालचा होतो. तिथलं घड्याळ तासभर मागे, त्यामुळं आमचा मोबाइल दर वळणावर गोंधळून वेळ बदलत होता. आर्बोजवळ नदीत दगडी बांध दिसतात, ते लॅम्प्रे हा सापासारखा मासा धरायचे जुने सापळे. हंगाम साधारण जानेवारी ते एप्रिल, त्यामुळं आमचा तो चुकला. लॅम्प्रे त्याच्याच रक्तात शिजवतात हे ऐकून ताई म्हणाल्या, बरं झालं.

तुईला उतरलो. १८८६ चा लोखंडी पूल, वरून गाडी, खालून रस्ता, पलीकडं पोर्तुगालचं वालेन्सा. तिथून टॅक्सीनं ओ रोसाल.

हवा बदलली होती. ऊन तेवढंच, पण अंगाला ओल लागत होती. किवीच्या बागा, फुलझाडांच्या रोपवाटिका, आणि द्राक्षं मांडवावर. ग्रॅनाइटचे खांब, डोक्यावर पसरलेल्या वेली. दमट हवेत घडांच्या खालून वारा खेळावा म्हणून. रियास बाइशास हा वाईनचा मुलूख १९८८ साली अधिकृत झाला; ओ रोसाल हा त्याचा नदीमुखाकडचा एक भाग. इथल्या मिश्रणाला नियम आहे : अल्बारिन्यो आणि लोउरेइरा मिळून कमीत कमी ७० टक्के. उरलेल्यात त्रेइशादुरा किंवा पांढरी काइन्यो वगैरे.

आम्ही गेलो त्या वाईनरीचं तळघर सांभाळणाऱ्या बाई घाईत होत्या, रात्री सणाला जायचं होतं. त्यांनी दोन ग्लास शेजारी ठेवले. एकात नुसती अल्बारिन्यो, दुसऱ्यात मिश्रण. पहिली चढ्या आवाजाची : लिंबू, पीच, खारटसर शेवट. चांगलीच होती, वादच नाही. दुसरीत लोउरेइराचा तमालपत्राकडं झुकणारा वास आणि पांढऱ्या फुलांचा दरवळ मागून यायचा. बाईंनी वाफवलेल्या शिंपल्यांची वाटी पुढं केली. मीठही घातलेलं नाही, शिंपल्यांचंच पाणी. अल्बारिन्योनं शिंपल्याशी झुंज घेतली. मिश्रणानं शिंपल्याला बोलू दिलं. नुसती प्यायची असेल तर मी अल्बारिन्यो घेईन. जेवायला बसायचं असेल तर मिश्रण. रिबेइरोच्या बाबतीतही हेच.

रात्र २३ जूनची, सान शोआनची, म्हणजे संत जॉनच्या सणाची. आ ग्वार्दाच्या किनाऱ्यावर अंधार पडायच्या आत शेकोट्या रचून झाल्या होत्या. सान शोआनला सार्डिन इतकी चरबीदार होते की पाव भिजतो, असं इथं म्हणतात. जाळीवर सार्डिन, आतडं न काढता, फक्त मीठ. ती मक्याच्या जाड पावाच्या कापावर ठेवायची. आधी वरचा मासा बोटांनी सोलून खायचा, मग तेल प्यायलेला पाव. इतक्या तेलकट, उग्र माशापुढं बहुतेक पांढऱ्या वाईन माघार घेतात. प्लास्टिकच्या पेल्यातली कुठल्याशा घरची रोसाल टिकली. तिचा आंबटपणा तेलावर बरोबर बसला. एका आजींनी ताईंना पावाचा कोरडा काप, भाजलेल्या मिरच्या आणि पेला दिला, आणि हाताला धरून शेकोटीवरून उडी मारायला नेलं. उड्या विषम संख्येत मारायच्या असतात. ताईंनी गुडघ्याच्या ऑपरेशनचा हावभाव करून दाखवला. आजींनी स्वतःचे दोन्ही गुडघे दाखवले आणि उडी मारली.

मंगळवार : सांता त्रेगा आणि परत

सकाळी ३४१ मीटरच्या सांता त्रेगा टेकडीवर. दोन हजार वर्षांपूर्वीच्या वस्तीतली दगडी गोल घरं, आणि वरून मिन्यो अटलांटिकला मिळते ती जागा. मग बसनं व्हिगो, तिथून माद्रिद.

खरेदीबद्दल : भारतात परतताना माणशी दोन लिटरपर्यंत दारू शुल्काशिवाय आणता येते, म्हणजे ७५० मिलिलिटरच्या दोन बाटल्या. तिसरी नको. ताज्या मिश्रणाच्या बाटल्या वर्ष-दोन वर्षांत संपवाव्यात. पिंपात मुरवलेली रिबेइरो मात्र ठेवता येते, ती भाजलेल्या कोंबडीसोबत चांगली.

पुण्यात आल्यावर रोसाल उघडली. रवा लावून तळलेल्या बोंबलाबरोबर ती खुलली. तिसऱ्या म्हणजे शिंपल्यांच्या सुक्याचं मालवणी वाटण तिला झेपलं नाही. लाल तिखटापुढं वाईन नुसती आंबट पाणी लागली. खरा जोड ताईंनी शोधला : त्यांची अळूवडी. चिंच-गुळाची आंबटगोड, तळलेली, वर तीळ. तिच्यासोबत रिबेइरोची पहिली बाटली कधी संपली ते कळलं नाही. दुसरी तासगावला भावासाठी राखून ठेवली आहे. त्याची अट आहे की सोबत झणझणीत मटण हवं. ताई म्हणतात, मग बाटली इथंच राहू दे, अळू कुंडीत आहेच.